गळक्या घागरीचा हिशेब

“प्रोसेसरला उन्हाळा बाधत नाहीं; मग त्याच्यासाठीं खोल्या गार ठेवून देशाची वीज कां दवडावी?” असा प्रश्न आजकाल व्याख्यानांतून, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि यंत्रें विकणाऱ्यांच्या पत्रकांतून वारंवार ऐकूं येतो. विचारणाराच्या मुद्रेवर नव्या सत्याचा साक्षात्कार झाल्याचें तेज असतें, आणि ऐकणारा गृहस्थही आपल्या घरचें वीजबिल आठवून मान डोलावतो. काटकसरीचा उपदेश कोणाला आवडत नाहीं? विशेषतः ती काटकसर दुसऱ्यानें करावयाची असली म्हणजे तो फारच गोड लागतो. परंतु या उपदेशांत अर्धेंच सत्य आहे, आणि उरलेलें अर्धें विजेच्या दुसऱ्या एका मीटरमागें दडून बसलें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमच्या महाविद्यालयांत घडलेली एक गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं असेच एक वक्ते आमच्याकडे आले होते. भाषण मोठें रसाळ झालें. संगणकशाळेंतील वातानुकूलन यंत्र २० अंशांवर ठेवणें हें पाप आणि २७ अंशांवर ठेवणें हें पुण्य, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. व्यवस्थापकांनीं दुसऱ्याच दिवशीं यंत्राची कळ फिरविली. महिनाअखेर वातानुकूलनाच्या मीटरवरील आंकडा उतरलेला दिसला. त्याचा तक्ता करून सूचनाफलकावर लावण्यांत आला, आणि सर्वांनीं एकमेकांचें अभिनंदन केलें. मला मात्र त्या महिन्यांत संगणकशाळेवरून जातांना एक फरक जाणवला होता. आंतील संगणकांचे पंखे पूर्वीं कुजबुजत, ते आतां घोंगावूं लागले होते. तिसऱ्या प्रहरीं तर शिकविणाराला आवाज चढवावा लागे. मीं विचारलें, “संगणकांच्या मीटरवरील आंकडा काय म्हणतो?” त्यावर मिळालेलें उत्तर मी विसरणें शक्य नाहीं. “सर, तो मीटर वेगळा आहे, त्याचा या बचतीशीं संबंध नाहीं.”

संबंध आहे, आणि तो किती निकटचा आहे हें समजण्यास प्रोसेसरच्या पोटांत शिरावें लागतें. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर आज अब्जावधि ट्रान्झिस्टर असतात, व प्रत्येक ट्रान्झिस्टर म्हणजे विजेची एक सूक्ष्म तोटी. या तोट्या उघडतांना व मिटतांना जो विद्युद्भार भरावा आणि रिता करावा लागतो, तो प्रोसेसरचा पहिला खर्च. तो विद्युद्दाबाच्या वर्गाच्या व उघडझापीच्या वेगाच्या प्रमाणांत वाढतो. तपमानाशीं त्याचें फारसें देणेंघेणें नाहीं. ‘प्रोसेसरला उन्हाळा बाधत नाहीं’ असें म्हणणारांनीं प्रोसेसरशीं एवढीच ओळख करून घेतलेली असते. दुसरा खर्च गळतीचा. मिटलेली तोटीही थेंब थेंब गळतच असते, आणि अब्जावधि तोट्या गळूं लागल्या म्हणजे थेंबांचा ओहोळ होतो. त्या ओहोळानें कोणतेंही गणित सुटत नाहीं; यंत्र स्वस्थ बसलें असलें तरी तो वाहतच असतो. (यंत्राचा जो भाग वीज मुळांतच तोडून निजविला असेल तेवढाच काय तो याला अपवाद.)

ही गळती उष्णतेनें कशी वाढते? एखादें तळें आणि त्याचा बांध डोळ्यांपुढें आणा. पाण्याची पातळी बांधाच्या खालीं आहे. परंतु पाण्यावर लाटा आहेत, आणि अधूनमधून एखादी उंच लाट बांध ओलांडून पलीकडे सांडते. मिटलेल्या ट्रान्झिस्टरमधील इलेक्ट्रॉनांची स्थिति हीच आहे, व उष्णता म्हणजेच त्या लाटा. तपमान चढलें कीं लाटा उंचावतात. दुर्दैवानें त्याच वेळीं बांधही खचूं लागतो. कारण ज्या दाबाला ट्रान्झिस्टर उघडतो तो उंबरठ्याचा दाबही तपमान वाढतांच उतरतो. लाट वर येते, बांध खालीं जातो. त्यामुळें गळती सरळव्याजानें न वाढतां चक्रवाढीनें वाढते. २५ अंशांवर जी गळती असते ती ८५ अंशांवर कित्येक पटींनीं अधिक असते, आणि राबणाऱ्या प्रोसेसरच्या पोटांत ८५ अंश म्हणजे कांहीं विशेष नव्हे. शंभराच्या आसपास गेल्यावर बहुतेक प्रोसेसर आपण होऊन वेग उतरवितात. मे महिन्याच्या उन्हांत ठेवलेला फोन अडखळूं लागतो, तो मालकावर रुसलेला नसतो; जीव वांचवीत असतो.

याहून वाईट गोष्ट पुढेंच आहे. गळलेली वीज जाते कोठें? तिची उष्णताच होते. म्हणजे तापल्यामुळें गळती, गळतीमुळें ताप, आणि त्या तापामुळें पुन्हां गळती. सावकारानें व्याज मुदलांत मिळवीत जावें तसा हा प्रकार आहे. उष्णता बाहेर काढण्याची सोय चांगली असली तर हें चक्र कोठेंतरी स्थिरावतें. पण स्थिरावतें तें आधींपेक्षां वरच्या पायरीवर, आणि त्या पायरीचें भाडें चोवीस तास चालू राहतें.

कोणी म्हणेल, हा सर्व प्राध्यापकी काथ्याकूट आहे. थेंबांचा हिशेब कोण ठेवतो? त्यांस इतिहासाचा दाखला देतों. १९७४ सालीं आय. बी. एम. मधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखवून दिलें कीं, ट्रान्झिस्टर लहान करतांना त्याचा विद्युद्दाबही त्याच प्रमाणांत उतरवीत गेलें, तर तेवढ्याच जागेंत अधिक ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णतेची दाटी वाढत नाहीं. जवळजवळ तीस वर्षें साऱ्या उद्योगानें या सूत्रावर चैन केली. मग एके दिवशीं दाब उतरेनासा झाला. कां? कारण दाब उतरवावयाचा तर बांधही बुटका करावा लागतो. आणि लाटांची उंची कोणा कारखानदाराच्या हातची नाहीं, ती तपमानानें ठरते. २७ अंशांवर गळती दशमांशावर आणावयाची तर नेहमींच्या ट्रान्झिस्टरचा बांध निदान ६० मिलिव्होल्टनीं उंच करावा लागतो. ८५ अंशांवर त्याच कामास सुमारें ७१ लागतात. हा सृष्टीचा नियम आहे, आणि सृष्टीपुढें सवलतीचे अर्ज चालत नाहींत.

२००१ सालीं इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनीं अभियंत्यांच्या परिषदेंत इशारा दिला होता कीं, हाच क्रम चालू राहिला तर प्रोसेसरवरील उष्णतेची दाटी अणुभट्टीच्या, व त्याहीपुढें अग्निबाणाच्या तोंडाच्या तोडीस जाऊन पोंचेल. २००४ च्या आरंभीं त्याच कंपनीचा ९० नॅनोमीटरचा ‘प्रेस्कॉट’ बाजारांत आला, तो आपल्या तापटपणाबद्दलच अधिक गाजला. आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत त्याचा नियोजित वारस ‘टेजस’ हा जन्मापूर्वींच रद्द करण्यांत आला. पुढें २००७ मध्यें ट्रान्झिस्टरच्या दारांतील पातळ पडदा हॅफ्निअमयुक्त द्रव्याचा करण्यांत आला, आणि २०११ मध्यें तीन बाजूंनीं वेढणाऱ्या दाराचा ट्रान्झिस्टर जाहीर झाला. दोहोंचाही एक मोठा हेतु गळती आवरण्याचा होता. गळती आवरली; संपली मात्र नाहीं. ज्या थेंबांनीं वेगाची ती जगप्रसिद्ध शर्यत अडवून धरली, त्यांना आमच्या सूचनाफलकावर एका ओळीचीही जागा नसावी, हें नवल नव्हे काय?

आतां खोलीकडे येऊं. सर्व खोल्यांचा हिमालय करावा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. शीतपूजकांचा एक जुना संप्रदाय आहे; संगणकशाळेंत शिरतांना स्वेटर घालावा लागला नाहीं तर त्यांना ती संगणकशाळाच वाटत नाहीं. खोली १८ अंशांवर नेण्यासाठीं शीतनयंत्रांना जी वीज जाळावी लागते, तीपुढें गळतींत वांचलेली वीज बहुधा किरकोळ ठरते. १९८७ सालीं ईटीए-१० नांवाचें अमेरिकन महासंगणकाचें यंत्र द्रवरूप नायट्रोजनांत, म्हणजे शून्याखालीं १९६ अंशांवर बुडवून चालविण्यांत आलें व त्याचा वेग जवळजवळ दुपटीवर गेला, हें खरें. परंतु नायट्रोजनाची ती थंडी फुकट मिळत नव्हती, हेंही तितकेंच खरें. शीतपूजकांविरुद्ध झालेलें बंड आम्हांला मान्यच आहे. आमची तक्रार बंडखोरांच्या हिशेबाबद्दल आहे.

अमेरिकेंतील वातानुकूलन-अभियंत्यांच्या ‘ॲशरे’ या संस्थेनें २००४ सालीं संगणकांत शिरणाऱ्या हवेसाठीं २० ते २५ अंशांची शिफारस केली होती. २००८ मध्यें ती मर्यादा १८ ते २७ अशी रुंदावली. २०११ मध्यें यंत्रांचे आणखी कांहीं वर्ग ठरविण्यांत आले. त्यांतील एकांत ४० व दुसऱ्यांत ४५ अंशांपर्यंतची हवाही चालेल असें म्हटलें आहे. लक्षांत घ्या, ‘चालेल’ असें म्हटलें आहे. शिफारस २७ वरच थांबली होती. आमचे प्रचारक हा भेद सोईस्करपणें गिळून टाकतात. पाहुण्याला एखादे वेळीं शिळी भाकरी चालली म्हणून रोज तीच वाढावयाची कीं काय? शिवाय हवा गरम आली म्हणजे संगणकाच्या आंतील पंख्यांना अधिक जोरानें फिरावें लागतें, आणि पंख्याची वीज त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणें वाढते. वेग दुप्पट झाला तर वीज आठपट. आमच्या संगणकशाळेंतील तो घोंगावणारा आवाज या आठपटीचाच पूर्वरंग होता.

परंतु या सर्व प्रकरणांतील खरा अपराधी वेगळाच आहे, आणि तो एक साधा भागाकार आहे. डेटा सेंटर म्हणून ज्या प्रचंड संगणकशाळा आज जगभर उभ्या राहत आहेत, त्यांची काटकसर मोजण्यासाठीं ‘पी. यू. ई.’ नांवाचा एक गुणांक वापरतात. ‘ग्रीन ग्रिड’ या संघानें २००७ पासून तो रूढ केला, आणि २०१६ मध्यें त्याला आंतरराष्ट्रीय मानकाची प्रतिष्ठा मिळाली. इमारतींत शिरणारी एकूण वीज भागिले संगणकांना पोंचणारी वीज, एवढीच त्याची व्याख्या. गुणांक एकाच्या जितका जवळ तितकी संस्था सद्गुणी. गूगलसारख्या कंपन्या आपला सरासरी गुणांक १.१ च्या आसपास असल्याचें अभिमानानें प्रसिद्ध करतात. वरकरणीं यांत गैर कांहींच नाहीं. पण भागाकाराच्या छेदांत काय काय बसलें आहे तें पाहा. संगणकांना पोंचलेली सगळी वीज तेथें ‘काम’ म्हणून मांडलेली असते. तींत प्रोसेसरची गळतीही आली आणि आंतल्या पंख्यांचा घोंगाटही आला! घागर गळकी निघाली तर गळलेलें पाणी ‘प्यालेलें’ म्हणून लिहावयाचें, असा हा जमाखर्च आहे.

एक उदाहरण घेऊं; आंकडे केवळ समजुतीसाठीं मानलेले आहेत. एका डेटा सेंटरांत संगणकांना १०० एकक वीज लागते आणि शीतन वगैरेंना ५०. एकूण १५०, गुणांक १.५. आतां व्यवस्थापकानें तपमान चढविलें. शीतनाची वीज ४४ वर उतरली. पण गळती व पंखे वाढून संगणकांची वीज १०८ वर गेली. एकूण झाली १५२. बिल वाढलें, काम तेवढेंच राहिलें, आणि गुणांक? १५२ भागिले १०८, म्हणजे सुमारें १.४१! संस्थेला काटकसरीचें पारितोषिक मिळावयास हरकत नाहीं. आतां दुसऱ्या एका व्यवस्थापकानें बेतानें तपमान चढविलें, पंखे व प्रोसेसर यांवर लक्ष ठेविलें, आणि शीतन ४० वर आणून संगणकांची वीज १०३ वरच रोखून धरली असें समजा. त्याची एकूण वीज १४३, गुणांक सुमारें १.३९. एकानें सात एकक वांचविले, दुसऱ्यानें दोन गमावले; गुणपत्रिकेंत दोघांत दोन शतांशांचा फरक! आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, पण येथें कुत्र्यानें खाल्लेलें पीठही दळणाच्या वजनांत धरलेलें आहे.

या दोषाकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें असें नाहीं. २०१३ सालीं कांहीं संशोधकांनीं ‘टी. यू. ई.’ नांवाचा सुधारलेला गुणांक मांडला व अमेरिकेंतील ओक रिज येथील ‘जॅग्वार’ या महासंगणकाला तो लावून दाखविला. त्यांत संगणकाच्या आंतले पंखे कामांतून काढून शीतनाच्या खात्यांत घातलेले आहेत. पाऊल स्तुत्य आहे, परंतु गळती त्याच्याही जाळ्यांतून निसटते. ती पंख्यासारखी वेगळी फिरत नाहीं, प्रोसेसरच्या पोटांतच काम व गळती एका ताटांत जेवतात. तिला पकडण्याचा मार्ग एकच: तेंच काम, तेवढ्याच वेळांत, दोन तपमानांवर करून एकूण किती युनिटें लागलीं तें मोजावयाचें. यासाठीं महासंगणक लागत नाहीं. एक मीटर आणि एक प्रामाणिक कारकून पुरतो.

हा वाद पोथींतला नव्हे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं जगांतील डेटा सेंटरांनीं सुमारें ४१५ अब्ज युनिटें वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. भारतांतील अशा केंद्रांचा सर्वांत मोठा पुंजका मुंबई व नवी मुंबई येथें आहे. ऐरोली, रबाळे, महापे हीं नांवें एके काळीं रासायनिक कारखान्यांमुळें ठाऊक होतीं. आतां तेथें खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत, आणि आपल्या घरांतील मुलांचे धडे, बँकेचीं खातीं व लग्नाचे फोटो यांपैकीं बरेच तेथें वास्तव्यास असतात. फेसबुकानें २०१३ मध्यें स्वीडनच्या उत्तरेस लुलेओ येथें केंद्र उघडलें. तेथें बाहेरची गार हवा आंत घेतली कीं बरेंचसें काम भागतें. ऐरोलीच्या मे महिन्यांत बाहेरची हवा आंत घेणें म्हणजे आगींतून फुफाट्यांत. येथें शीतनयंत्र बाराही महिने चालणार, म्हणून कळ फिरविण्याचा मोहही येथेंच सर्वांत मोठा. आणि कळ फिरविण्याचा हिशेब चुकला तर त्याची वीज महाराष्ट्रांतल्याच तारांतून यावयाची.

सिंगापुराचें उदाहरण आमच्या तोंडावर फेंकण्यांत येतें. तें अवश्य फेंकावें. आम्ही तें आदरानें झेलतों. त्या नगरराज्यानें २०१९ पासून कांहीं काळ नव्या डेटा सेंटरांना परवानगी देणेंच थांबविलें होतें, आणि २०२३ मध्यें उष्ण कटिबंधासाठीं स्वतंत्र मानक काढून २६ अंश व त्यावर हळूहळू जाण्याचा मार्ग आंखून दिला. प्रत्येक अंशामागें शीतनाच्या विजेंत २ ते ५ टक्के बचत होऊं शकते, असें तेथील अधिकारी सांगतात. ‘शीतनाच्या विजेंत’ हे शब्द त्यांनीं प्रामाणिकपणें घातले आहेत. आमच्या वक्त्यांच्या भाषणांत पांच टक्के येतात आणि हे दोन शब्द गळतात. इतकी गळती तर प्रोसेसरमध्येंही नसते!

विरुद्ध पक्षाचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. आजचे प्रोसेसर फार कमी दाबावर चालतात, आणि तशा दाबावर ट्रान्झिस्टर थंडींत मंद व उष्णतेंत चपळ होतो. त्यामुळें अति थंड प्रोसेसरला तोच वेग राखण्यास कधीं कधीं दाबच वाढवून द्यावा लागतो. ही गोष्ट आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. तिचा अर्थ एवढाच कीं, प्रत्येक यंत्राला आपलें असें एक सोईचें तपमान असतें. तें थंड नसतें, गरमही नसतें, आणि फलकावरच्या तक्त्यानें कळत नाहीं.

आणखी एक गोष्ट. खोलीचें तपमान म्हणजे प्रोसेसरचें तपमान नव्हे. २०१० सालीं झ्युरिक येथील तंत्रविद्यापीठांत ‘अक्वासार’ नांवाचें यंत्र बसविण्यांत आलें. त्याच्या प्रोसेसरना लागून ६० अंशांपर्यंतचें पाणी खेळविलें, तरीही ते आपल्या मर्यादेंत राहिले, व बाहेर पडलेल्या पाण्यानें विद्यापीठाच्या इमारती उबविल्या. म्यूनिकजवळील ‘सुपरएमयूसी’ हा महासंगणक २०१२ पासून कोंबट पाण्यावर चालविण्यांत आला. आपल्या पुण्यांतही आयसर संस्थेंत २०१९ सालीं आलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकांत थेट द्रवानें उष्णता काढून घेण्याची योजना आहे. कोंबट पाण्यानें थोडी गळती वाढते, हें तेथील लोक जाणून आहेत. पण शीतनयंत्र बाद झाल्यामुळें व उष्णता उपयोगीं पडल्यामुळें बेरीज फायद्याची येते, आणि ती बेरीज ते करून दाखवितात. मधल्या हवेचीच अडचण दूर झाल्यावर खोली २० वर ठेवावी कीं २७ वर, या भांडणांत कांहीं राम उरत नाहीं.

तेव्हां आमची मागणी लहान आहे. डेटा सेंटर असो कीं शाळेंतील संगणकांची खोली असो, बचतीचा तक्ता लावणारानें त्यावर तीन आंकडे शेजारी शेजारी लिहावे: शीतनाची युनिटें, संगणकांचीं युनिटें, आणि त्या काळांत झालेलें काम. गुणांक काढावयाचा असल्यास खुशाल काढावा. पण बेरीज खोडून काढूं नये.

आमच्या महाविद्यालयांत मीं या अर्थाचा अर्ज दिला आहे. संगणकांचा मीटर कोठें आहे याचा प्रथम शोध घ्यावा लागला. तो भौतिकीच्या जुन्या उपकरणांनीं भरलेल्या एका लोखंडी कपाटामागें सांपडला. कपाट सरकविण्यास चार माणसें लागतील असें शिपाई म्हणतो, आणि चार माणसें मागण्यासाठीं वेगळा अर्ज करावा लागतो. तोही मीं काल लिहून दिला. सूचनाफलकावरचा तक्ता अजून तेथेंच आहे. उन्हानें त्याचे आंकडे थोडे फिके पडले आहेत.